घरच्या माणसाचा फॉर्म

माझ्या सासूबाईंचा फॉर्म भरायला मला चार मिनिटं लागली. बाकीच्या पेशंटना चाळीस-चाळीस मिनिटं लागायची आणि त्यातही मी चिडचिड करायचे. सासूबाईंच्या फॉर्मचा नंबर एकशे अठरा. नाव वेणू बळीराम केणी, वय बावन्न, राहणार सुकापूर. त्या जाऊन अकरा महिने झाले. मला अजून रडू आलेलं नाही. यायला पाहिजे हे मला कळतं, लोकही तसंच बघतात माझ्याकडे, पण येत नाही, त्याला मी काय करू?

मी समीक्षा. नवीन पनवेलला छातीच्या डॉक्टरांकडे टेक्निशियन आहे. पेशंटला मशीनच्या नळीत फुंकायला लावायचं, "जोरात, अजून जोरात, सोडू नका, सोडू नका" असं बेंबीच्या देठापासून ओरडायचं, आणि स्क्रीनवर येणारा आलेख छापून सरांपुढे ठेवायचा, हे माझं काम. सर म्हणजे डॉ. इंद्रजीत सबनीस. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवलं की आपल्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांच्या दम्याची एकदा नीट वर्गवारी करायची. "दमा दमा काय करता?" ते म्हणायचे. "ताप हा काय एक आजार आहे? मलेरियाचा वेगळा, टायफॉइडचा वेगळा. तसंच हे."

मग एकेक माणूस वेगळा दिसायला लागला. कुणाचा दमा लहानपणापासूनचा, धुळीचा नाहीतर मांजराचा. कुणाचा चाळिशी उलटल्यावर अचानक उपटलेला. एक गॅरेजवाला होता, गाड्यांना स्प्रेने रंग मारायचा. रविवारी ठणठणीत आणि बुधवारपर्यंत गळून गेलेला. त्याचा कामाचा दमा. एका बाईंच्या छातीत कधी शिट्टी वाजलीच नाही, नुसता वर्षभर खोकला, तोही दमाच निघाला. आणि थोडे लोक गोळीवाले. डोकेदुखीची, अंगदुखीची साधी गोळी घेतली की तासाभरात यांची छाती बंद होते. त्यांचं नाक बहुतेक वेळा आधीपासून चोंदलेलं असतं, आत मांस वाढलेलं असतं, वास येणं गेलेलं असतं. हे सगळं सरांनी मला एका दुपारी वडापाव खाता खाता शिकवलं. प्रकार चुकला की औषध चुकतं, आणि गोळीवाल्याचा प्रकार चुकला तर माणूस जाऊ शकतो, हेही तेव्हाच सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

फॉर्ममध्ये चौतीस प्रश्न होते. एकोणिसावा प्रश्न असा: कोणत्या औषधाने त्रास वाढतो का? हा असाच्या असा विचारला की सगळे "नाही" म्हणतात. कारण डोक्याची गोळी हे आपल्याकडे औषधच नसतं. औषध म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेलं. डोक्याची गोळी किराणा दुकानात चहाच्या पुड्यांशेजारी मिळते, ती कुठली औषध? हे माझ्या दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं. मग मी आडून विचारायला लागले. डोकं दुखलं की काय करता? लग्नात उभं राहून पाय भरून आले की? पाळीच्या वेळी पोटात दुखलं की? मग बायका पर्समधून पाकीट काढून दाखवायच्या. "ही होय? ही तर मी कधीपासून घेते." अशा पद्धतीने मी तीन गोळीवाले पकडले. सरांनी सगळ्या स्टाफसमोर माझं कौतुक केलं आणि मी पंधरा दिवस हवेत होते.

आता आईंबद्दल सांगते. सासूबाईंना मी आईच म्हणायचे.

उरणकडच्या एका मिठागरवाल्याच्या घरात त्यांचा जन्म. लहानपण मिठाच्या वाफ्यांत अनवाणी. टाचा शेवटपर्यंत तशाच राहिल्या, कितीही क्रीम लावलं तरी. एकोणिसाव्या वर्षी सुकापूरच्या बळीराम केणींशी लग्न झालं. तेव्हा सुकापुरात भातशेती होती. पुढे शेतं गेली आणि बिल्डिंगा आल्या. माझ्या आजेसासऱ्यांच्या नावाची एक अख्खी सोसायटी आहे इथे, चार विंगची. आईंना हातपाय हलवायची काही गरज उरली नव्हती. पण बसतील तर ना! घरामागे पत्र्याची शेड घातली, तीन चुली मांडल्या, आणि भाकऱ्यांच्या ऑर्डरी घ्यायला लागल्या. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम, आणि हळदीला मटणाबरोबर तांदळाची भाकरी पाहिजेच. पाच-पाचशे भाकऱ्या. आई, करंजाड्याहून येणारी रंजिता आणि आणखी दोघी, अशा चौघी मिळून थापायच्या. रंजिता आईंच्या चुलत बहिणीची मुलगी, पण पाठची बहीण असावी तशी वागायची. आईंचा आवाज त्या चौघींत सगळ्यात मोठा. शेजारच्या बिल्डिंगमधले तिसऱ्या मजल्यावरचे लोक तक्रार करायचे आणि आई त्यांनाच गरम भाकरी पाठवून गप्प करायच्या.

मी या घरात आले ती प्रणितच्या मागे. प्रणित आईंचा एकुलता एक मुलगा. माझं माहेर कामोठ्याचं, वडील बँकेत, घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही. माझ्या आईने लग्नाआधी महिनाभर तोंड फुगवलं होतं. आणि लग्नानंतर पहिल्याच रविवारी सासूबाईंनी काय करावं? बाजारातून आणलेला हलवा मासा माझ्या नाकाला लावला.

"बघ गो, वास कसा येतो? ताजी हाय का?"

मी श्वास रोखला आणि म्हटलं, "छान आहे."

मग दर मच्छीच्या दिवशी हेच. मला वाटलं, चालू झाला सासुरवास. ही बाई माझी फिरकी घेते, शाकाहारी पोरीची खोड काढते. प्रणितकडे तक्रार केली तर तो हसला. चार वर्षं मी श्वास रोखून "छान आहे" म्हणत राहिले, आणि त्या माझ्या शब्दावर मच्छी कापत राहिल्या. एकदोनदा बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, कालवण ताटावरून उठून मांजराला घातलं तेव्हा आई मच्छीवालीला शिव्या घालत बसल्या. त्यांना वास येतच नव्हता. त्या फिरकी घेत नव्हत्या हो, खरंच विचारत होत्या. हे मला फार उशिरा कळलं.

दम लागायला त्यांना सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरुवात झाली. आधी सटासट शिंका, मग नाक बंद, मग छाती. डोकं तर कायम जड. पदराची घडी करून कपाळाला करकचून बांधायच्या. मी दवाखान्यातून त्यांना डोक्याच्या गोळ्या आणून द्यायचे. औषध कंपन्यांचे लोक सॅम्पल ठेवून जातात, आमचा एक खण भरलेला असतो त्यांचा. सून दवाखान्यात असल्याचा तेवढाच फायदा. आई शेडमध्ये सगळ्यांना पाकीट दाखवायच्या, "माजी सून आनते." त्या एका लग्नसराईत त्यांना तीन मोठे झटके आले, तिन्ही ऑर्डरीच्या दिवशी. तिसऱ्या वेळी मी त्यांना रिक्षात घालून थेट आमच्याच दवाखान्यात आणलं.

त्या आत वाफ घेत होत्या. बाहेर बाकडं भरलेलं. सर म्हणाले, "समीक्षा, यांचाही फॉर्म भरून घे." मी काउंटरवर उभ्या उभ्या पेन काढलं. त्यांना काय विचारायचं? घरचंच माणूस. त्यांचं सगळं मला माहीत. काय खातात, कधी झोपतात, कुठल्या साडीला कुठला ब्लाउज. भराभर खुणा केल्या. एकोणिसावा प्रश्न, औषधाने त्रास: नाही. बाविसावा, वास येतो का: हो. बाविसाव्याला तर मला हसूसुद्धा आलं. रोज मच्छी नाकाला लावणारी बाई ही, हिला वास येत नाही तर कुणाला? धूर आणि पीठ या प्रश्नाला मात्र मी दोन खुणा केल्या आणि खाली रेघ मारली.

सरांनी रेघ बघितली आणि त्यांचे डोळे चमकले. बेकरीवाल्यांना गव्हाच्या पिठाचा दमा होतो, तसा हा तांदळाच्या पिठाचा असणार. आमच्या टेस्टच्या किटमध्ये तांदळाचं पीठ नव्हतं, म्हणून दुसरी वाट काढली. फुंकायचं छोटं यंत्र असतं, त्यात सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा लिहायचा. दोन आठवडे भाकऱ्या करून आणि दोन आठवडे शेड बंद ठेवून. आकडे मी स्वतः लिहिले, दोन्ही वेळा समोर उभी राहून. दुसऱ्या वेळी आकडे वर चढले. नुसते चढले नाहीत, जिना चढावा तसे चढले. सरांनी तो तक्ता नाव झाकून वाशीच्या डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये दाखवला. परत आल्यावर म्हणाले, "हे तुझं निदान आहे, समीक्षा."

मी येताना पेढे आणले. आईंनी एक पेढा तोंडात टाकला आणि आल्या-गेल्याला सांगितलं, सुनेनं शोधून काढला. मग शेड बंद झाली. रंजिताने चुली करंजाड्याला आपल्या अंगणात नेल्या. आई दिवसभर हॉलमध्ये टीव्हीसमोर बसायला लागल्या. आवाजही बसला त्यांचा हळूहळू. बोलणार कुणाशी? पण दीड वर्षात एकही झटका नाही. डोकं दुखायचंच. मी पाकीट आणून द्यायचे, विचारायचे, "घेतली का गोळी?" त्या म्हणायच्या, "घेतली गो." मी खूश.

मग हितेशची हळद आली. हितेश माझ्या चुलतसासऱ्यांचा मुलगा, आमच्याच गल्लीत राहणारा. दुपारपासून मांडव गजबजलेला, डीजेवाला बॉक्स लावून बसलेला. रंजिताकडून भाकऱ्यांच्या टोपल्या आल्या होत्या, पण मी आधीच बजावलं होतं की टोपल्या मागच्या बाजूला ठेवा, आईंपासून लांब. एवढी मी हुशार. कामोठ्याहून माझे आई-वडील आले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच माझी आई आमच्या घरच्या कार्यक्रमाला आली होती, म्हणून सासूबाईंनी तिला पुढच्या खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. बाबा पलीकडच्या खुर्चीत. सासूबाईंच्या कपाळाला पदर बांधलेला.

माझ्या आईने विचारलं, "डोकं दुखतंय का, विहीणबाई?" आणि मग माझ्याकडे वळून, "अगं, तू एवढी दवाखान्यात कामाला, सासूला एक गोळी देता येत नाही?"

मला लागलं ते. माहेरच्या माणसाने सासरी असं बोललेलं लागतंच. मी पर्समधून पाकीट काढलं, गोळी फोडली, पाण्याची बाटली घेतली.

"नंतर घेते गो," सासूबाई म्हणाल्या.

"नंतर नाही. माझ्यासमोर घ्या."

चार बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, बघा, सून कशी दम देते सासूला. सासूबाईंनी हात पुढे केला, गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायल्या. माझ्या आईच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अर्ध्या तासाने त्यांचं नाक गळायला लागलं, डोळे लालबुंद झाले. लोक म्हणाले, हळदीची पूड उडते आहे. मी म्हटलं, नाही, पीठ. टोपल्यांचं पीठ आलं असणार कपड्यांवरून. मी रंजितावर ओरडले, सगळ्यांदेखत, "तुला सांगितलं होतं ना लांब राहा म्हणून!" आईंना घरात नेलं, तोंडात औषधाचा पंप दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला. त्यांचे ओठ निळे पडायला लागले. गल्लीत पाहुण्यांच्या गाड्या आडव्या-तिडव्या लागलेल्या. प्रणितने त्यांना उचलून हायवेपर्यंत पळत नेलं. जवळच्या हॉस्पिटलात ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, "काही औषध घेतलं होतं का यांनी?"

मी म्हटलं, "नाही, काही नाही."

शंभरावर माणसांना मी शिकवलं होतं की डोक्याची गोळी हे औषध असतं. आणि माझ्याच तोंडून हे निघालं. त्या डॉक्टरांनी शर्थ केली, त्यांना बोल लावणार नाही मी. सहा वाजून दहा मिनिटांनी त्या गेल्या. बाहेर कुणीतरी डीजे बंद करायचा फोन करत होतं. मी बाकड्यावर बसून पर्समध्ये हात घातला, रुमालासाठी, आणि हाताला पाकीट लागलं. दहातली एक गोळी नसलेलं. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. वास, नाक, डोकं, ऑर्डरीचे दिवस. धुरात उभं राहून डोकं चढायचं, म्हणून त्या दिवशी गोळी, आणि गोळीनंतर झटका. पीठ बिचारं नुसतं तिथे हजर होतं. हे कळलं आणि माझ्या आत काहीतरी बंद पडलं ते बंदच आहे.

तेराव्यानंतर कामावर गेले. सरांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, कसं झालं नेमकं. मी क्रमाने सांगितलं, जसं रिपोर्ट वाचून दाखवते तसं. गोळीवर आले तेव्हा सरांनी पेन खाली ठेवलं. कपाटातून एकशे अठरा नंबर काढला.

"एकोणिसावा प्रश्न विचारला होतास?"

"नाही, सर. घरचंच माणूस, म्हणून मीच भरला."

ते म्हणाले, "मीही एकदा नाकात टॉर्च मारून बघायला हवं होतं." त्यांनी पिठाच्या रकान्यातल्या खुणेवर काट मारली आणि गोळीच्या रकान्यात नवी खूण केली. मी बाहेर येऊन पुढच्या पेशंटला नळी दिली. जोरात, अजून जोरात, सोडू नका.

दोन प्रश्न पडतात. दमा गोळीचा होता, पिठाचा नव्हता, तर शेड बंद केल्यावर आकडे वर कसे चढले? मी पाकिटं देतच होते की! आणि मग दीड वर्ष झटका का नाही आला? सरांना विचारलं. ते म्हणाले, कधीकधी गोळीचा डोस, कधीकधी नशीब. मी मान हलवली.

घरी मी काही बोलले नाही. घरी सगळ्यांना माहीतच होतं की पिठाने घात केला. आईंचा दमा पिठाचा, मांडवात टोपल्या कुणी आणल्या? रंजिताने. प्रणितने तिच्याशी बोलणं टाकलं. तेराव्याला ती आली तर तिला कुणी पाणी विचारलं नाही. दारातच उभी राहिली आणि गेली. करंजाड्यात तिची ऑर्डर कुणी घेईना, ह्यांच्या भाकरीने माणूस गेलं म्हणे. एकदा पनवेल मार्केटमध्ये मला दिसली. म्हणाली, "समीक्षा, मी टोपल्या मागंच ठेवल्या व्हत्या गो. देवाशपथ." मी म्हटलं, "हो, माहीत आहे." आणि रिक्षात बसले. एवढंच बोलता आलं मला. स्वतःची किळस यावी असं ते होतं, पण किळसही आली नाही. घरी येऊन कुकर लावला.

परवा वर्षश्राद्धाची यादी चालली होती. प्रणित म्हणाला, रंजिताला बोलवायचं नाही, आणि श्राद्धाच्या आधी ती शेड पण तोडून टाकू. बाबा हल्ली बोलतच नाहीत. आई होत्या तेव्हा त्यांना बोलायला जागा मिळायची नाही, आता जागा आहे तर शब्द नाहीत. यादीवर प्रणितने रंजिताच्या नावावर काट मारली. तशीच आडवी काट सरांनी मारली होती, पिठाच्या खुणेवर. मला वाटलं, आता बोललं नाही तर मी कधीच बोलणार नाही, आणि ही बाई जन्मभर माझं पाप वागवेल.

आज सकाळी प्रणित साइटवर गेला. बाबा मागच्या ओट्यावर कोळंबी सोलत बसले होते. आई गेल्यापासून मच्छी तेच करतात. मी जाऊन समोर पाटावर बसले.

"बाबा, आईंना पिठाचा दमा नव्हता."

त्यांचा हात चालूच राहिला.

"डोक्याच्या गोळीचा होता. ती गोळी मी दिली. मी त्यांचा फॉर्म न विचारता भरला म्हणून कुणाला कळलं नाही. रंजिताचा काही दोष नाही. मी मारलं त्यांना, बाबा." मी हे अगदी सपाट आवाजात बोलले. फळा वाचावा तसं.

बाबांनी कोळंबीचं डोकं मोडलं, बाजूला टाकलं, दुसरी कोळंबी उचलली.

"मना ठाव हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"गोलीचं." त्यांनी वर बघितलं नाही. "तिलाबी ठाव व्हता. तीनदा झाला तवा तिला संशेव आला, मंग तू शेड बंद ठेवून आकडं लिवलंस तवा तिनं गोलीबी बंद करून बघली, न वलखलं. बोलली, ही गोली घेतली का माजी छाती बांधते. तवापासून कदी घेतली नाय. तू आनायचीस, ती ठेवायची कपाटान, साडीखाली."

मला आकडे दिसले, जिना चढल्यासारखे. शेड बंद झाली त्याच दिवसांत त्यांनी गोळी बंद केली होती. मी पिठाचे आकडे म्हणून लिहिले ते सगळे त्यांचेच होते, त्यांनी एकटीने शोधलेले.

"मग मला का नाही सांगितलं? का नाही?" माझा आवाज पहिल्यांदा चढला. "मी रोज विचारायचे त्यांना!"

"तू गोली घेतली का ते इचारायचीस," बाबा म्हणाले. "मी बोललो तिला, पोरीला सांग. ती बोलली, नको. पोरीनं कागद भरला, सायबानं मोठ्या डाक्टरांना दाखवला, पेढं वाटलं. आता मी बोलले का पीठ नाय, गोली हाय, तर पोरगी सायबासमोर खोटी परल. नोकरी जायल तिची. भाकऱ्या गेल्या तं गेल्या."

पाचशे भाकऱ्या थापणारी बाई दीड वर्ष टीव्हीसमोर गप्प बसली, माझा कागद खरा ठरावा म्हणून. मी पाटावर बसून राहिले. 

"पण त्या दिवशी?" मी विचारलं. "मांडवात? तेव्हा तरी नाही म्हणायचं! त्यांना माहीत होतं तर घेतली कशाला?"

बाबांनी हातातली कोळंबी खाली ठेवली. ओल्या हातांकडे बघत राहिले.

"ती घेत नव्हती. तिनं माज्याकडं बघलं," ते म्हणाले. "तुजी आयस बाजूला, चार बाया हसतान, तू हात पुरं करून उभी. तुजा अपमान नको व्हयाला. मीच मान हलवली, पोरी. मीच तिला बोललो, घे गो, येका गोलीनं काय व्हतं."